बोरॉनची बातमी आणि टाकणखाराची पुडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत बोरॉन हे मूलद्रव्य आणि न्यूट्रॉन हे अणूच्या गाभ्यातले कण वापरून कर्करोगावर करायच्या उपचाराबद्दल अर्धं पान मजकूर आला होता. मजकूर वाईट नव्हता, मथळा वाईट होता. ‘बोरॉन’, ‘कर्करोग’ आणि ‘एकदाच’ हे तीन शब्द भल्यामोठ्या टायपात. जपानचा उल्लेख मात्र तिसऱ्या परिच्छेदात, आणि हे सगळं कुठल्या रुग्णांसाठी आहे ते शेवटच्या चार ओळींत. लोक मथळ्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. शेवटच्या चार ओळी त्या फोटोत येत नाहीत. त्याचा त्रास माझ्या काउंटरवर आला, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण शक्य तर कापू नका.

माझं खारघरला मेडिकल आहे. टाटा स्मारकचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचं केंद्र सेक्टर २२ मध्ये, आणि तिकडे जाणाऱ्या रिक्षा माझ्या दारावरून जातात. माझी निम्मी गिऱ्हाइकं आसपासच्या सोसायट्यांमधली: बीपी, शुगर, थायरॉईड, लहान मुलांचे डायपर. उरलेले निम्मे रुग्णांचे नातेवाईक. परभणीहून, जळगावहून, पाटण्याहून, मुर्शिदाबादहून आलेले. ओवे गावात नाहीतर जवळच्या सेक्टरांत खोली घेऊन राहतात, स्वयंपाक खोलीतच करतात, आणि एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी ऊन असो की पाऊस, छातीशी धरून फिरतात. उलटीच्या गोळ्या, तोंड आलेल्यांसाठी बेन्झिडामिनचं माउथवॉश, नाकातून घालायची राईल्स ट्यूब, ती चिकटवायची पट्टी, प्रोटीन पावडरीचा सगळ्यात लहान डबा. डॉक्टरांसमोर ही माणसं मान डोलावतात आणि प्रश्न मला येऊन विचारतात. डॉक्टरांच्या दाराबाहेर शंभर माणसं बसलेली असतात. मला काउंटर सोडून जाता येत नाही.

पुरवणी आल्यानंतर बोरिक पावडर, म्हणजे बोरॉन असलेलं बोरिक अ‍ॅसिड, मागणारे वाढले. एरवी ही पावडर नेतात ती कॅरम खेळणारी पोरं. या वेळी मागणारी माणसं पन्नाशी-साठीची होती, आणि त्यांतल्या एकाने विचारलं, ‘ताई, कोमट पाण्यातून घ्यायची की मधातून?’ दुसऱ्याने कुठलासा व्हिडिओ पाहून टाकणखाराची (तोही बोरॉनचाच क्षार) पुडी आधीच आणलेली होती, माझ्याकडून त्याला फक्त मात्रा हवी होती. बंगालहून आलेले एक वयस्क काका बोरोलीनची ट्यूब पुढे करून म्हणाले, ‘इसमें भी बोरॉन है ना?’ आहे. बोरिक अ‍ॅसिड असतं त्यात. ते कातडीला लावायचं आहे, काका.

तेव्हा पहिलं वाक्य आपण मथळ्याइतक्याच मोठ्या टायपात छापावं: बोरिक पावडर आणि टाकणखार कर्करोगावर पोटात घ्यायचे नाहीत. मळमळ, उलट्या, जुलाब, अंगावर लाल चट्टे, आणि मात्रा वाढली की मूत्रपिंडावर घाव. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात, त्याने मूत्रपिंडावर आधीच ताण आलेला असतो. त्यावर हे.

मग त्या उपचारात बोरॉन करतं काय? मी डी. फार्म. आहे, अणुशास्त्रज्ञ नाही. दुकानात ज्या भाषेत सांगते त्याच भाषेत लिहिते.

निसर्गात सापडणाऱ्या बोरॉनच्या शंभर अणूंपैकी साधारण वीस बोरॉन-१० असतात, बाकीचे बोरॉन-११. न्यूट्रॉन पटकन पकडतो तो बोरॉन-१०, आणि तोही न्यूट्रॉन मंद असेल तरच. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळतं. जोरात मारलेली सोंगटी खड्ड्याच्या कडेला आपटून परत येते, हलक्या हाताने ढकललेली अलगद आत पडते. न्यूट्रॉन आत पडला की तो बोरॉनचा अणू तिथल्या तिथे फुटतो आणि दोन तुकडे उडतात, एक अल्फा कण आणि एक लिथियमचा. अल्फा कण जेमतेम ९ मायक्रॉन जातो, लिथियम ५ मायक्रॉन. आपली पेशी साधारण १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यामुळे ज्या पेशीत बोरॉन आहे ती मरते आणि जिच्यात नाही ती शेजारी असूनही बरीचशी वाचते. बाहेरून सोडलेला न्यूट्रॉनचा झोत स्वतः त्या मानाने सौम्य असतो, खरा मार पेशीच्या आतून बसतो. ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

पण यात दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. बोरॉन गाठीत भरपूर हवं, दर ग्रॅम गाठीमागे निदान २० मायक्रोग्रॅम, आणि आजूबाजूच्या निरोगी भागात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आणि त्याच वेळी त्या जागी न्यूट्रॉन हवेत. न्यूट्रॉन नसतील तर बोरॉन काहीही करत नाही, लघवीवाटे निघून जातं. खारघरच्या खोलीत कोमट पाण्यातून घेतलेल्या बोरिक पावडरीला न्यूट्रॉन कुठून मिळणार?

‘जुन्या लोकांच्या औषधांची तपासणी कोण करतंय’ असं म्हणत टाकणखाराची पुडी आणणाऱ्या त्या दादांसाठी मुद्दाम सांगते, तपासणी झालेली आहे. चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला १९३२ मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, गॉर्डन लोचर या अमेरिकन शास्त्रज्ञाने बोरॉन आणि न्यूट्रॉनच्या जोडीने कर्करोग मारता येईल असं मांडलं. १९५१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेतल्या अणुभट्टीवर मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांवर पहिले प्रयोग झाले, आणि त्यांना शिरेतून दिलेलं रसायन होतं बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखारच. साधा नाही, बोरॉन-१० चं प्रमाण मुद्दाम वाढवलेला. समोर खरीखुरी अणुभट्टी होती. तरीही उपयोग झाला नाही. टाकणखाराला गाठ आणि रक्त यांतला फरक कळत नाही. बोरॉन रक्तातच फिरत राहिलं, न्यूट्रॉन आले तेव्हा रक्तवाहिन्या आणि डोक्याची कातडी भाजली, गाठी राहिल्या. पुढे बोस्टनकडे एमआयटीच्या अणुभट्टीवरही निराशाच झाली आणि १९६१ मध्ये अमेरिकेने हे काम थांबवलं.

तिथून धागा उचलला जपानने. हिरोशी हातानाका हे मेंदूचे शल्यविशारद अमेरिकेत शिकून परत गेले आणि १९६८ पासून बोरॉनचं वेगळं संयुग घेऊन मेंदूच्या गाठींवर काम करत राहिले. मला औषधवाली म्हणून जास्त भावतात ते युताका मिशिमा. ते त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचा विचार असा, की मेलानोमा या कातडीच्या कर्करोगातल्या पेशी काळा रंग बनवतात आणि त्यासाठी विशिष्ट अमिनो आम्लं ओढून घेतात, तर मग त्या अमिनो आम्लालाच बोरॉन का जोडू नये? फेनिलअ‍ॅलनिनला बोरॉन जोडलं, की पेशी ते आपलं अन्न समजून आत घेते. १९८७ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हे केलं. नंतर लक्षात आलं, की झपाट्याने वाढणाऱ्या दुसऱ्या कर्कपेशींनाही या अमिनो आम्लांची ओढ असते, त्यांच्या भिंतीवर ते आत नेणारी दारं जास्त असतात. आज वापरात असलेलं औषध हेच.

त्याची मात्रा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दर किलो वजनामागे ५०० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे एक लिटर द्रावण, शिरेतून. आधी दोन तास सलाईनसारखं चालवायचं, मग कमी वेगाने चालू ठेवून न्यूट्रॉनचा झोत द्यायचा. मधे रक्त काढून त्यात बोरॉन किती आहे ते मोजतात आणि झोत किती वेळ ठेवायचा ते त्यावरून ठरवतात. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्याला हे औषध देता येत नाही. नंतर तोंड येतं, झोताच्या बाजूचे केस जातात, लाळेच्या ग्रंथी सुजतात, मळमळ होते. ‘एकदाच’ हा आपल्या मथळ्यातला शब्द खोटा नाही, झोत बहुधा एकाच बैठकीत, तासाभराच्या आत देतात. पण ते एकदा म्हणजे गोळी गिळून घरी जाणं नव्हे.

आता मान्यता कुठे, कशाला? मार्च २०२० मध्ये जपानने या औषधाला आणि न्यूट्रॉन तयार करणाऱ्या यंत्राला मान्यता दिली, त्याच वर्षी जूनपासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यातही घेतलं. यंत्र अणुभट्टी नाही. सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉन पळवून बेरिलियमच्या चकतीवर आदळवतात, त्यातून न्यूट्रॉन निघतात. अणुभट्टी काही रुग्णालयाच्या तळघरात बसवता येत नाही, हे यंत्र बसवता येतं. फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा इथे आणि ओसाकाजवळ ताकात्सुकी इथे ते चालू झालं. मान्यता आहे ती डोक्या-मानेच्या, म्हणजे तोंड-घसा अशा भागांतल्या, कर्करोगासाठी, तीही शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या, एकाच भागात वाढलेल्या किंवा त्याच जागी उलटलेल्या. मान्यतेआधीच्या अभ्यासात रुग्ण होते २१. त्यांतल्या ७१ टक्क्यांची गाठ आकसली किंवा दिसेनाशी झाली. त्यांत आधीच किरण देऊन झालेली माणसंही होती, त्या मानाने हा आकडा मोठा आहे. पण एकवीस म्हणजे एकवीस, आणि गाठ आकसणं म्हणजे रोग कायमचा जाणं नाही. शिवाय न्यूट्रॉन कातडीपासून सहा-सात सेंटिमीटरच्या पलीकडे पुरेसे पोहोचत नाहीत. फुप्फुसात, यकृतात, हाडांत पसरलेल्या रोगासाठी हा उपचार नव्हे.

फिनलंडचीही गोष्ट सांगायला हवी. एस्पो शहरातल्या एका छोट्या संशोधन अणुभट्टीवर १९९९ ते २०१२ या काळात दोनशेहून जास्त रुग्णांवर हा उपचार झाला. बंद का पडला? उपचार चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते तैवान. तिथे २०१० पासून त्सिंग हुआ विद्यापीठाच्या अणुभट्टीवर उलटलेल्या तोंडाच्या-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अभ्यास झाले. तैवानमध्ये तोंडाचा कर्करोग इतका का? सुपारी. पुढचं मी काय सांगू. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि माझ्या दुकानापासून चार पावलांवर टपरी आहे. भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे नवे रुग्ण १४ लाखांच्या वर होते, त्यांतले सुमारे १ लाख ४० हजार ओठ आणि तोंडाचे. जपानमध्ये ज्या रुग्णासाठी हे यंत्र मान्य झालं, तसा रुग्ण माझ्या दुकानात रोज येतो: गालाचं ऑपरेशन झालेलं, तेहतीस वेळा किरणांचा शेक दिलेला, वर्षभरात त्याच जागी परत गाठ, आणि पुन्हा किरण देता येत नाहीत असं सांगितलेलं.

म्हणूनच कुणी ‘हे सगळं परदेशी फॅड’ म्हणालं तर ते मला मान्य नाही. हार्बर लाइनने वाशीचा पूल ओलांडून मानखुर्दकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी, आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, २०१८ मध्ये तिची नवी आवृत्ती. बोरॉन-१० चं प्रमाण वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे आहे, कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीच्या नियंत्रक कांड्यांना ते लागतं. आणि टाटा स्मारक केंद्र १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्याच अखत्यारीत आहे. अणुभट्टी, बोरॉन आणि कर्करोगाचं रुग्णालय एकाच खात्याकडे असणं जगात फार ठिकाणी सापडणार नाही. कोबाल्ट किरणांचं भाभाट्रॉन यंत्र याच खात्याने घडवलं. खारघरला प्रोटॉन उपचाराचं केंद्र उभं राहिलं, मे २०२३ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. बोरॉनचा उपचार मात्र भारतात रुग्णांना अजून मिळत नाही. तो यायचा तर यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची आणि औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागेल. त्यात वर्षं जातात, आणि जायला हवीत. आपल्या बातमीदाराने ट्रॉम्बेला आणि अणुशक्तिनगरला जाऊन हे काम कुठवर आलंय ते विचारावं आणि साध्या मराठीत छापावं. टोकियोहून आलेल्या वृत्तापेक्षा ती बातमी आम्हाला उपयोगाची.

प्रोटॉनचं नाव निघालंच आहे तर हेही. माझ्याकडे येणारे कितीतरी जण ‘ते बोरॉनवालं मशीन इथेच आलंय ना’ म्हणून अ‍ॅक्ट्रेककडे बोट दाखवतात. ते मशीन वेगळं. प्रोटॉनचा झोत ठरलेल्या खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकून थांबतो, त्याला बोरॉन लागत नाही. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलींना बोरॉनबद्दल विचारून भांडू नका.

या गोंधळात दलाल शिरलेत. लातूरकडच्या एका बाईंनी मला व्हिजिटिंग कार्ड दाखवलं. जपानला नेऊन बोरॉन उपचार करून आणतो, व्हिसा, दुभाषा, राहणं सगळं आमच्याकडे, फक्त फाइल तिकडे पाठवण्याची फी आगाऊ. त्यांच्या यजमानांच्या रिपोर्टवर फुप्फुसात गाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी म्हटलं, वहिनी, हा उपचार या अवस्थेसाठी मान्यच नाही, पैसे देण्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांना कार्ड दाखवा. त्या म्हणाल्या, तो माणूस म्हणतो इथले डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. आगाऊ फी त्यांनी भरून टाकली होती, दिराने बैल विकून. मी त्या नंबरवर फोन केला तर समोरच्याने मलाच कमिशन देऊ केलं, प्रत्येक फाइलमागे.

हे वाचून राग येत असेल तर चांगलंच आहे, पण त्या माणसाच्या हातात आपल्याच पुरवणीचं कात्रण होतं, लॅमिनेट केलेलं.

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहाराची आहे. यापुढे कुठल्याही नव्या उपचाराची बातमी छापताना मथळ्याच्या लगेच खाली एक चौकट टाका. कुठल्या देशात मान्य, कुठल्या रोगाच्या कुठल्या अवस्थेत, किती रुग्णांवर तपासलं, भारतात मिळतं की नाही. या चारही गोष्टी आपल्याच मजकुरात होत्या, फक्त विखुरलेल्या. चौकट मथळ्याला चिकटून असली की फोटोत येते. फोटोत आली की ग्रुपवर जाते, आणि मग दलालाला ती कात्रीने कापून टाकावी लागेल.

आणि त्याच पानावर, जागा उरली तर, तोंडात तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यासाठी सरकारी दंत रुग्णालयात किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, असंही छापा. उलटलेल्या गाठीसाठी जपानचं यंत्र लागतं. तीन आठवड्यांच्या चट्ट्यासाठी टॉर्च आणि लाकडी पट्टी पुरते.

बोरिक पावडर मी आता काउंटरमागे ठेवली आहे. मागणाऱ्याला कशासाठी हवी ते विचारते. कॅरमवाली पोरं वैतागतात, वैतागू देत.

कळावे,
एक फार्मासिस्ट, खारघर, नवी मुंबई
(दुकान चालवायचं आहे, नाव छापू नये ही विनंती.)